गाडी तापते कोठे?

बोरघाटाच्या चढणीवर मोटार रस्त्याकडेला घेऊन, बॉनेट उघडे टाकून, रेडिएटरमधून उसळणारी वाफ ओसरेपर्यंत मुलाबाळांसह कठड्यावर बसून राहिलेली कुटुंबे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, किंबहुना ज्यांचे स्वतःचे कुटुंब कधीकाळी त्या कठड्यावर बसले, अशी पिढी महाराष्ट्रात अद्याप नांदते आहे. फियाट आणि अँबॅसडर या गाड्यांचा तो काळ. खोपोली मागे पडली की चालकाची दृष्टी रस्त्याइतकीच तापमानाच्या काट्याकडे लागे आणि पाण्याचा डबा हा प्रवासाच्या सामानातील अत्यावश्यक जिन्नस असे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्यांची इंजिने आणि त्यांची शीतनव्यवस्था सुधारली, आणि ते दृश्य विरळ होत गेले. तथापि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात जुन्या मोटारी, त्यांतही जुन्या स्पोर्ट्स कार, जिवापाड जपणाऱ्या मंडळींची गाऱ्हाणी ऐकली म्हणजे ध्यानात येते, की तापण्याची जागाच आता बदलली आहे. ज्या गाडीने पहाटेच्या गारव्यात सारा घाट निमूटपणे चढून दाखवला, तीच गाडी संध्याकाळी रहाटणीच्या सपाट रस्त्यावर, कोकणे चौकाच्या रांगेत, एक पाऊलही न चालता उकळू लागते.

या दोन तापण्यांमध्ये मूलभूत भेद आहे, आणि तो ओळखल्यावाचून जुन्या गाडीला विजेचा पंखा बसवू नये, असे माझे मत झाले आहे. हे मत मी ग्रंथांतून जितके घेतले, तितकेच रहाटणीतल्या एका लहानशा गॅरेजात, तेथल्या वयोवृद्ध मिस्त्रींच्या कामाशेजारी उभे राहून घेतले.

रहाटणी हे पवनेकाठचे, एके काळी शेतीवर जगणारे गाव. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्याच दशकात टेल्को पिंपरीस आणि बजाज आकुर्डीस स्थिरावली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आणि पुढे चाकणच्या माळावर बजाज, फोल्क्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे कारखाने उभे राहिले. या मोठ्या कारखान्यांच्या भोवती पंप, पंखे, नळ्या, वायरिंग आणि रेडिएटर घडवणाऱ्या पुरवठादारांची जी वसाहत वाढली, तिच्यातील कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर, थेरगाव या गावांत घरे केली. परिणामी येथल्या एखाद्या गल्लीत पत्रा वळवणारा, पितळेला डाख देणारा, वायरिंगचा जुडगा बांधणारा आणि लेथवर पुली कातून देणारा असे चौघेही हाकेच्या अंतरावर सापडतात. मोटारीच्या अंगोपांगांचे इतके सूक्ष्म ज्ञान एवढ्याशा मुलखात एकवटल्याची उदाहरणे देशात थोडी असतील. याच समृद्धीने रस्त्यांवर मोटारींची जी दाटी केली, तीच जुन्या गाड्यांच्या आजच्या ज्वराचे पहिले कारण होय.

मी जिच्याविषयी लिहितो आहे, ती गाडी एमजीबी. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत ही दोन आसनांची गाडी निघत होती आणि तिचे उत्पादन पाच लाखांच्या वर गेले. १७९८ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे लोखंडी इंजिन, त्यास दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे पितळ-तांब्याचा उभा रेडिएटर, आणि त्याच्या मागे पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसवलेला, पट्ट्याने फिरणारा पंखा, अशी तिची साधी रचना. गाडीचे मालक चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहेत; गाडी साठच्या दशकातली आहे; आणि ती चौकात तापते म्हणून परदेशी बनावटीचा एक जबरदस्त विजेचा पंखा विकत घेऊनच ते मिस्त्रींकडे आले होते. मिस्त्रींनी खोके न उघडता बाजूला ठेवले आणि विचारले, ‘‘पंखा बसवू की सर, त्याला काय वेळ लागतोय? पण आधी मला सांगा, गाडी तापते कुठं? चौकात, का घाटात?’’

‘‘दोन्हीकडं तापते, काका,’’ मालक म्हणाले.

‘‘मग दुखणी दोन आहेत,’’ असे म्हणून मिस्त्रींनी हात पुसले.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी उष्णतेचा जमाखर्च थोडा तपासला पाहिजे. पेट्रोलमध्ये साठलेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा प्रत्यक्ष कामी येते, तितकीच धुराड्यावाटे निघून जाते, आणि उरलेल्या तृतीयांशाची विल्हेवाट मुख्यत्वे पाण्याने लावायची असते. इंजिनाच्या कुहरांतून फिरणारे पाणी ही उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून आणते. तेथे बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेल्या पातळ पापुद्र्यांसारख्या जाळीतून, म्हणजे फिनांमधून, ती हवेच्या स्वाधीन होते. म्हणजे या व्यवहारात दोन प्रवाह आहेत, एक पाण्याचा आणि एक हवेचा. दोहोंपैकी कोणताही तुटला तरी काटा तांबड्या रेषेकडे सरकतो. गाडी ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने धावू लागली, म्हणजे तिच्या वेगानेच रेडिएटरमधून इतकी हवा लोटली जाते, की पंख्याचे साहाय्य बहुधा लागत नाही. यावरून निष्कर्ष उघड आहे: धावत्या गाडीचा काटा चढत असेल, तर दोष बव्हंशी पाण्याच्या किंवा ज्वलनाच्या बाजूस शोधावा; उभ्या गाडीचा काटा चढत असेल, तर हवेच्या बाजूस. विजेचा पंखा हे दुसऱ्या दुखण्याचे औषध आहे. पहिल्या दुखण्यावर ते दिले, तर गुण येत नाहीच, शिवाय मूळ रोग काही काळ झाकला जाऊन बळावतो.

उंचीचाही येथे थोडा हिशेब आहे. पुण्याचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरांवर असल्याने येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आतला दाब वाढवून हा उत्कलनबिंदू वर नेते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांवर असे ते ७ पौंडांचे झाकण सुमारे १२ अंशांची सवलत देते. पाण्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळले, तर आणखी काही अंश पदरात पडतात. झाकणाचे रबर कुजले असेल, तर ही सवलत रद्द होते, आणि शंभराच्या आतच वाफ धरते. म्हणून मिस्त्रींनी सर्वांत आधी बदलले ते झाकण, जे या सगळ्या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त अंग आहे.

त्यानंतरची तपासणी त्यांनी ज्या क्रमाने केली, तो क्रम मी मुद्दाम नमूद करतो. तापमानाच्या काट्यावर विश्वास न ठेवता त्यांनी टेंपरेचर गनने रेडिएटरच्या पृष्ठभागाचे निरनिराळ्या ठिकाणी तापमान घेतले; मधल्या पट्ट्यात काही भाग शेजारच्यापेक्षा पुष्कळच थंड निघाला, म्हणजे त्या नळ्यांमधून पाणी वाहतच नव्हते. रेडिएटर उतरवून काळेवाडीच्या एका कारागिराकडे गेला. त्याने वरची टाकी डाख वितळवून सोडवली, एकेका नळीतून पातळ सळई फिरवून क्षाराचे थर काढले आणि टाकी पुन्हा डाख देऊन बसवली. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरचा हा मोठा गुण, की तो उघडता येतो. आजच्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी चेपून बसवलेल्या रेडिएटरची अशी दुरुस्ती सहसा होत नाही. इंजिनाच्या बगलेतील गोल बुचे, ज्यांना कोअर प्लग म्हणतात, ती काढल्यावर तळाशी साचलेला तांबडा गाळ निघाला. वर्षानुवर्षे नळाचे नुसते पाणी घालण्याचा तो परिणाम होता. थर्मोस्टॅट तर जागेवर नव्हताच. गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे, आणि ती सर्वथैव त्याज्य आहे. कारण थंडीत इंजिन योग्य तापमानास पोचत नाही, तेल पातळ होत नाही आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत, उदाहरणार्थ जग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनात, उघडलेला थर्मोस्टॅटच तापलेल्या पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसला तर काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर इंजिनात परतते. मिस्त्रींनी ८२ अंशांवर उघडणारा नवा थर्मोस्टॅट बसवला.

मग ज्वलनाची पाळी आली. ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने कमी असेल, तर इंजिन अकारण तापते. येथे एक अगदी अलीकडचे कारणही आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि हळूहळू तेच सर्वत्र मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. त्यामुळे त्याच मापाच्या इंधनाला बाहेरची हवा कमी लागते. आधुनिक गाडीतील संगणक ही तफावत ओळखून इंधन वाढवतो. साठच्या दशकातला कार्ब्युरेटर काही ओळखत नाही, तो पूर्वीच्याच मापाने इंधन देत राहतो, आणि मिश्रण विरळ होते. एसयू कार्ब्युरेटरमध्ये निमुळती सुई असते. ती अधिक इंधन देणाऱ्या मापाची घालून आणि ठिणगीची वेळ नव्याने जुळवून मिस्त्रींनी ही तूट भरून काढली. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही, म्हणून त्याही बदलल्या. एवढे झाल्यावर मालक गाडी घेऊन लोणावळ्यापर्यंत गेले आणि घाट उतरून पुन्हा चढून आले. काटा मध्यावरून हलला नाही. विजेचा पंखा तेव्हाही खोक्यातच होता.

उरले चौकातले दुखणे, आणि येथे मात्र दोष कोणाच्या निष्काळजीपणाचा नव्हता. तो मूळ रचनेतच होता. पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिनाच्या वेगाशी जखडलेला असतो. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर रेंगाळते, आणि जेव्हा हवेची नितांत गरज आहे, नेमका तेव्हाच पंखा मंद फिरतो. उलट मोकळ्या रस्त्यावर, वाऱ्याचा पुरवठा विपुल असताना, तो जिवाच्या आकांताने फिरतो. आणि पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, फेऱ्या दुप्पट झाल्या की तो इंजिनाकडून आठपट शक्ती खेचतो. इंग्लंडच्या थंड हवेत, मोकळ्या रस्त्यांसाठी घडवलेल्या गाडीत ही उणीव क्वचितच जाणवली असेल. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीकडे झुकलेला असताना काळेवाडी फाट्याच्या गर्दीत ती क्षणोक्षणी जाणवते.

विजेच्या पंख्याने ही गाठ सुटते, कारण तो इंजिनाच्या वेगापासून स्वतंत्र आहे. हा पंखा सर्वत्र रूढ झाला, त्यामागचे कारण मात्र निराळे आहे. पुढची चाके फिरवणाऱ्या लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवण्याची पद्धत रूढ झाली, आणि इंजिनाचे टोक बाजूला वळल्याने पट्ट्याच्या पंख्याचे तोंड समोरच्या रेडिएटरकडे राहीना. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने रेडिएटरच चाकाच्या कमानीशेजारी नेऊन ही अडचण टाळली. पुढच्या गाड्यांनी रेडिएटर समोर ठेवून त्याला विजेचा पंखा दिला. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ने हा पंखा घरोघरी पोचवला. आणि १९९८ साली गोव्यात वेर्णे येथे जन्मलेली, फायबरच्या अंगाची सॅन स्टॉर्म ही दोन आसनी स्पोर्ट्स कार, रेनॉच्या ११४९ घनसेंटीमीटरच्या आडव्या इंजिनामुळे, याच परंपरेत बसते. उभ्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारांनीही ही वाट धरली होती. जग्वारच्या ई-टाइपला आरंभापासून विजेचा एक पंखा होता, तो अपुरा पडतो अशी तक्रार राहिली, आणि १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत कंपनीने पुढचे तोंड मोठे करून दोन पंखे दिले. खुद्द एमजीनेही १९७३ साली एमजीबीचा आठ सिलिंडरांचा प्रकार काढला, तेव्हा त्यास विजेचे दोन पंखेच बसवले. ज्यांना हा बदल परंपरेचा भंग वाटतो, त्यांनी हे दाखले विचारात घ्यावेत.

पंख्याची निवड ही पुढची पायरी. मालकांनी आणलेला पंखा मिस्त्रींनी अखेर वापरला नाही. तो मोठा होता, वीज फार खात होता, आणि पंप व रेडिएटर यांमधील चिंचोळ्या जागेत मावत नव्हता. रेडिएटरच्या पुढे बसून हवा मागे ढकलणारा आणि मागे बसून हवा ओढून घेणारा, असे पंख्याचे दोन प्रकार. ढकलणारा पंखा गाडी धावत असताना स्वतःच वाऱ्याच्या वाटेत आडवा येतो. म्हणून जागा असेल तर ओढणारा पंखा पत्करावा. पट्ट्याचा पंखा उतरवताच मागे पुरेशी जागा झाली आणि तेथे मारुतीच्या लहान गाडीचा पंखा बसला. हा पंखा या भागात सहज मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात, आणि जीपपासून पद्मिनीपर्यंत कित्येक जुन्या गाड्यांवर मिस्त्रींची जमात तो पिढ्यान्‌पिढ्या बसवत आली आहे. मात्र उघडा पंखा केवळ आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. रेडिएटरचे चारही कोपरे कोरडे राहतात. म्हणून शेजारच्या कारागिराने रेडिएटरच्या पूर्ण मापाचे पत्र्याचे आवरण वळून दिले, ज्याला गॅरेजात श्राउड म्हणतात. त्याच्या कडांना रबराची पट्टी लावली, आणि पंखा त्या आवरणावर कसला. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे बंद आरपार ओवून पंखा टांगण्याची जी सोपी युक्ती सर्रास दिसते, तिने कंपनाबरोबर फिना आणि नळ्या घासून कालांतराने गळती लागते. ती युक्ती मिस्त्रींनी या गाडीपुरती निषिद्ध ठरवली.

शेवटचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग विजेचा. या वयाच्या एमजीबीला अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. त्याची कमाल क्षमता सुमारे २२ अँपिअर, आणि इंजिन रेंगाळत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. पंख्याला दहा-बारा अँपिअर, हेडलाइटांना दहाच्या आसपास, वर ठिणगीची गरज. म्हणजे चौकात उभ्या गाडीचा सारा खर्च बॅटरीच्या शिलकेतून भागवावा लागतो. दुसरे असे, की १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते, आजच्या रिवाजाच्या नेमके उलट. स्थायी चुंबकाच्या मोटारीला जोडण्या उलट मिळाल्या, तर ती उलट फिरते; पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, आणि हवा मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध लोटली जाते. कोणताही पंखा बसवल्यावर रेडिएटरसमोर कागद धरून तो जाळीकडे ओढला जातो की नाही याची खातरजमा करावी, असा मिस्त्रींचा दंडक आहे. या गाडीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवून ऋण टोक अंगाला जोडण्याचा निर्णय झाला. पंख्याचा प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून न नेता रिलेमधून नेला, बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज दिला, आणि सुरू होताना मोटार क्षणभर कित्येक पट प्रवाह मागते हे जाणून वायर जाड घेतली. तापमानाचा स्विच ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा निवडला. थर्मोस्टॅट ८२ ला उघडतो. स्विचचे दोन्ही आकडे त्याच्या वर असणे आवश्यक, अन्यथा पंखा अहोरात्र फिरत राहतो.

काम पूर्ण झाल्यावर ऐन गर्दीच्या वेळी मी त्या गाडीत चालकाशेजारी बसलो. कोकणे चौकाच्या रांगेत काटा संथपणे चढला, रेडिएटरमागून पंख्याचा घरघराट सुरू झाला, आणि काही क्षणांत काटा उतरून पंखा शांत झाला. रांग हलेपर्यंत हा क्रम पुनःपुन्हा चालला, आणि मालकांचे लक्ष प्रथमच काट्यावरून उठून रस्त्याकडे गेले. दोन दुखण्यांची दोन औषधे लागू पडली होती, आणि कोणत्या औषधाने कोणते दुखणे बरे झाले हे निःसंशय सांगता येत होते, ही मला या कामातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच राखावी, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप मी हलका लेखत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले आणि ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक देऊ केला. तेथेही वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याचे चॅसिस, अंग आणि इंजिन यांत भरीव फेरफार नसावा, अशी अट आहे. ज्यांना गाडी प्रदर्शनापुरती बाहेर काढायची आहे, त्यांनी पट्ट्याचा पंखा ठेवणेच उचित. परंतु जी गाडी मालकाला रस्त्यावर चालती हवी आहे, तिच्या बाबतीत उकळून तडकलेले सिलिंडर हेड हा मूळ स्वरूपाचा अधिक मोठा भंग आहे. म्हणून बदल असा असावा की तो मागे घेता यावा. या गाडीत नवे छिद्र एकही पाडले नाही; आवरण रेडिएटरच्याच बोल्टांवर बसले; जुना पंखा, डायनॅमो आणि त्याचा रेग्युलेटर तेल लावून, चिठ्ठ्या बांधून मालकांच्या स्वाधीन केले.

माझी एक सूचना या भागातील गॅरेजवाल्यांना, गाडीमालकांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शिक्षकांना आहे. या पट्ट्यात शीतनाचे जे ज्ञान आहे, ते बव्हंशी हातांत आणि स्मृतीत आहे. मिस्त्री निवृत्त झाला की त्याचा क्रम आणि कारणे त्याच्याबरोबर जातात, आणि मागे उरतो तो ‘मोठा पंखा लावा’ एवढाच सल्ला. प्रत्येक जुन्या गाडीचे एक दप्तर असावे. त्यात गाडी कोठे तापली, उभी असता की धावता, बाहेरची हवा किती उष्ण होती, काटा किती अंशांवर होता, आधी काय बदलले आणि त्याने काय फरक पडला, हे तारीखवार लिहावे, आणि नव्या वायरिंगचा नकाशा त्यास जोडावा. हा उद्योग आता बॅटरीवरच्या गाड्यांकडे वळतो आहे, पण त्यांतील कित्येकींच्या बॅटरीलाही रेडिएटर, पंप आणि विजेचा पंखा लागतोच. उष्णतेचा जमाखर्च त्यांनाही चुकलेला नाही. रहाटणीतल्या त्या मिस्त्रींनी एमजीबीच्या मालकांना एक जाड वही आणायला सांगितली आणि पहिल्या पानावरच्या नोंदी स्वतः उभे राहून लिहवून घेतल्या. अशी वही ज्या गॅरेजात प्रत्येक गाडीची ठेवली जाईल, तेथे शिकायला येणारा मुलगा पाना हाती घेण्यापूर्वी प्रश्न विचारायला शिकेल, आणि या मुलखाने साठ-सत्तर वर्षांत कमावलेली विद्या टिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.